मुलीच्या हातावर पहिली चिमूट ठेवू नका

तंबाखूची सुरुवात टपरीवर होते, असे आपण म्हणतो. मुलांचे तसे असेल. वस्तीतल्या कितीतरी मुलींची सुरुवात मात्र घरातच होते. दाढ दुखते म्हणून आई किंवा आजीच मशेरीची पहिली चिमूट देते. पहिल्यांदा चक्कर येते, मळमळते. पुढे तेही थांबते आणि मग मशेरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही, डोके जड होते. आपण म्हणतो, सवय झाली. खरे तर व्यसन लागलेले असते.

मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही. तिच्यातले निकोटीन हिरडीतून रक्तात जाते. दाढ थोडा वेळ बधिर होते, पण कीड आत वाढतच राहते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याची भीती असते.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो, पण दारूपुरतेच धरतो. माझ्या मते मशेरीची डबीही त्यात येते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावरची बंदी आपणच घालायची आहे.

दाढ दुखली तर मुलीला सरकारी रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे न्या. आजीला हिणवू नका. तिला सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच तपासून घ्या.