नवागतांचें स्वागत

ज्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा व वांटावा, अशा संगणकाच्या आज्ञावलींस मुक्तस्रोत म्हणतात. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें आपली अपुरी 'लिनक्स' लोकांपुढें ठेवून सूचना मागितल्या. पुढें हजारों हातांनीं ती वाढविली.

आमच्या वेवजीचा एक माजी विद्यार्थी अशाच एका आज्ञावलीच्या मराठी भाषांतरास हातभार लावूं लागला. पहिल्याच वाक्यांत ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली. उत्तर आलें, "आधीं नियम वाचा." मुलगा पुन्हां तिकडे फिरकला नाहीं. आम्ही रागावलों खरे. परंतु त्याच मुलाच्या वह्या तांबड्या शाईनें रंगविणारे आम्हीच नव्हतों काय?

नवख्यास आरंभशूर म्हणून हंसणें सोपें आहे. जाणत्यांस आमची विनंति कीं, त्यास प्रथम लहानसें, पुरें होण्याजोगें काम द्यावें. चूक दाखवितांना सुधारण्याची रीतही सांगावी. आणि स्वीकारलेल्या कामाखालीं त्याचें नांव राहूं द्यावें. तरुण वाचकांनींही भिऊं नये. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून अशाच स्वयंसेवकांच्या हातांनीं वाढत आहे.

त्या मुलास आम्हीं पुन्हां बोलाविलें आहे. या खेपेस शेजारीं आम्हीही बसूं. तांबडी शाई मात्र घरीं ठेवूं.