संगणकाची बाराखडी

संगणक आतां घरोघरीं आला आहे. आजोबांचें निवृत्तिवेतन, मुलांचे प्रवेशअर्ज, विजेचें देयक, सर्व कांहीं त्याच्याच हातून जातें. तथापि हें यंत्र माहितीचें नेमकें करतें तरी काय, असें विचारलें तर सुशिक्षित घरांतही बहुधा मौन पडतें. कोणी त्यास सर्वज्ञ समजतो, कोणी मायावी. आमच्या मतें तो या दोहोंपैकीं कांहींच नाहीं.

दिवाळींत ओळीनें चार पणत्या मांडाव्या. उजवीकडून पहिलीची किंमत १, दुसरीची २, तिसरीची ४ व चौथीची ८ धरावी. दुसरी तेवढी विझलेली ठेवून बाकीच्या पेटविल्या, तर १, ४ व ८ मिळून १३ झाले. संगणकाच्या पोटांत पणत्यांच्या जागीं विजेचे कोट्यवधि सूक्ष्म खटके असतात. खटका चालू किंवा बंद, यापलीकडे त्यास तिसरी भाषा ठाऊक नाहीं.

अक्षरेंही त्यास अंकांच्याच रूपानें कळतात. युनिकोड या जागतिक संकेतमालेंत आपल्या 'क'चा अंक २३२५ आहे. ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, दीर्घ वेलांटीचा २३६८.

या अंकांवर संस्कार कसे होतात? स्मरणकोशांत माहिती असते, आणि तिचें काय करावयाचें याच्या आज्ञाही तेथेंच असतात. प्रोसेसर नांवाचा भाग एक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो, सांगितलें तेवढें करतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. बेरीज, तुलना, उचलणें, ठेवणें, अशीं हीं साधीं कामें. परंतु सेकंदास तीं अब्जावधि होतात. सारी जादू त्या वेगाची आहे.

वेग वाढविण्याची दुसरी युक्ति आमच्या गृहिणींस नवी नाहीं. पापड एकटीनें लाटले तर दिवस जातो. दहा जणी बसल्या कीं दुपारींच वाळत पडतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक याच तत्त्वावर चाले. त्यांत चौसष्ट प्रोसेसर एकदम कामास लावीत. त्याचे प्रणेते डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे, आणि त्यांनीं १९६५ सालीं अभियांत्रिकीची पदवी घेतली ती नागपुरांतच, म्हणजे आम्हां धरमपेठकरांच्या शेजारच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयांतून. मात्र पीठ भिजल्याखेरीज लाट्या होत नाहींत. ज्या कामांत एका पायरीचें उत्तर पुढील पायरीस लागतें, तेथें पुष्कळ हात असून उपयोग नाहीं.

आतां गृहस्थाच्या कामाची गोष्ट. एका दप्तरांत आजोबांचें नांव 'हरि' आणि दुसऱ्यांत 'हरी' असें आहे, असें समजा. जुना कारकून चष्मा वर करून आजोबांकडे पाहील, हंसेल आणि सही करील. अक्षरशः तुलना करण्याची आज्ञा मिळालेला संगणक मात्र २३६७ व २३६८ हे अंक भिन्न म्हणून दोन मनुष्यें मानील, आणि एका वेलांटीपायीं वृद्धाचें वेतन अडेल. येथें यंत्र चुकलें नाहीं. त्यास दिलेली आज्ञा अपुरी होती. एवढा फरक चालवून घ्यावा, असें आज्ञेंत असतें तर त्यानें तेंही निमूटपणें पाळलें असतें.

अलीकडे मनुष्यासारखीं वाक्यें रचणारीं यंत्रें निघालीं आहेत. तीं अफाट मजकुरावरून स्वतःचे आडाखे बांधतात खरीं, परंतु त्यांच्याही पोटांत अंकांचे गुणाकार व बेरजाच चालतात. आणि त्यांस कोणत्या कामीं नेमावें, हें मनुष्यच ठरवितो.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. घरांतील वडीलधाऱ्यांचीं सर्व कागदपत्रें एकदां समोर घेऊन नांव अक्षर न् अक्षर सारखें आहे कीं नाहीं, तें तरुणांनीं पहावें. आणि 'संगणकानें नाकारलें' एवढ्या उत्तरावर कोणत्याही कचेरींतून परतूं नये. आज्ञा कोणाची आणि ती बदलण्याचा अधिकार कोणास, हें सौम्यपणें परंतु नेटानें विचारावें. यंत्रास संकोच नाहीं तशी दयाही नाहीं. ती दाखविण्याचें काम अद्यापि मनुष्याकडेच आहे.