बडे बुडत नाहीत, बुडवतात

दोस्तहो, बँका कोसळल्या की पेपरातले पंडित सांगतात, मोठ्यांना वाचवलंच पाहिजे, नाहीतर जग बुडेल. ही भानगड नीट समजून घ्या.

१५ सप्टेंबर २००८ ला न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ए.आय.जी. या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. घरकर्जांवर काढलेले रोखे बुडाले तर भरपाई देऊ, अशी हमी या कंपनीने बड्या बड्या बँकांना विकली होती. ती पडली असती तर त्याही हादरल्या असत्या. हे खरं, मी नाकारत नाही. पण २००९ मध्ये याच कंपनीने साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटले! २०१२ पर्यंत सरकारने पैसा नफ्यासकट वसूल केला म्हणे. छान. ज्यांची घरं जप्तीत गेली त्यांची घरं कोण परत देणार?

आणि ही माणसं कोण? काळ्या आणि लॅटिन कर्जदारांना गोऱ्यांपेक्षा महाग कर्ज दिल्याचा आरोप अमेरिकेच्या न्याय खात्याने वेल्स फार्गो बँकेवर ठेवला. २०१२ मध्ये बँकेने आरोप न कबूल करता साडेसतरा कोटी डॉलर मोजून मिटवलं. साला, तिथेही उतरंड आहेच.

२०११ मध्ये जगाला धोकादायक ठरतील अशा २९ बँकांची यादी निघाली. त्यांनी जादा भांडवल ठेवावं असं ठरलं. यादीतली क्रेडिट स्वीस मार्च २०२३ मध्ये कोलमडली. स्वीस सरकारने हमी देऊन ती यादीतल्याच यूबीएसच्या घशात घातली. म्हणजे मोठी होती ती आणखी मोठी झाली.

आता आपल्या मुंबईत या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये काढायची मुभा मिळाली. पुढे मर्यादा वाढली, पण बंदी उठायला २०२२ उजाडलं. मार्च २०२० मध्ये येस बँक अडकली, तेव्हा स्टेट बँक आणि खाजगी बँका पैसा घेऊन धावल्या. दोन आठवड्यांत बंदी उठली. खातेदार दोन्हीकडे माणसंच ना?

मी म्हणतो, जी बँक बुडू देता येत नाही तिला एवढी फुगू देऊच नका, तोडा. आणि तोटा जनतेने सोसायचा असेल तर हिशेबाच्या वहीवर जनतेचा हात पाहिजे. नुसता अंगठा नको.