न गाणारी मुलं आणि आपला धीर

केरळमधल्या एका शाळेने २६ जुलै १९८५ रोजी दहावी, नववी आणि पाचवीतल्या तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती सगळ्यांबरोबर ताठ उभी राहत, फक्त गात नसत. कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. राष्ट्रगीत गाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. मोठ्या बहिणीही याच शाळेत अशाच उभ्या राहत आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. मग एका आमदाराच्या ते नजरेस पडलं, विधानसभेत प्रश्न आला. चौकशी समितीलाही मुलांच्या वागण्यात अवमान दिसला नाही, तरी शाळेचं दार बंद झालं. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांना परत घ्यायला लावलं.

‘बाकीचे ख्रिस्ती गातात, मग यांनाच काय झालं?’ असं तेव्हाही विचारलं गेलं असेल, आजही विचारतील. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालात याचं उत्तर आहे: श्रद्धा आपल्याला पटते का हा प्रश्नच नाही, ती मनापासूनची आहे का एवढंच पाहायचं. आणि या पंथाच्या बाबतीत ती शंका घ्यायला फारशी जागा नाही. हिटलरला सलाम न करणाऱ्या या लोकांच्या कपड्यांवर नाझी छळछावण्यांत जांभळा त्रिकोण असे. श्रद्धा सोडल्याच्या कागदावर सही केली की सुटकेची वाट होती. बहुतेकांनी ती केली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये शाळेतल्या ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली, त्यानंतर जमाव त्यांच्यावर तुटून पडले. त्याच न्यायालयाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, आपलाच निकाल फिरवला.

खरा आक्षेप वेगळाच आहे. आज राष्ट्रगीत नको म्हणतात, उद्या कर नको म्हणतील! पण अनुच्छेद २५ ने दिलेलं स्वातंत्र्य बेलगाम नाही. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा त्यातच लिहिलेली आहे. १९७१ चा कायदाही राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो, गप्प उभं राहणाऱ्याला नाही. कर चुकवला की बोजा दुसऱ्यावर जातो. इथे भुर्दंड पडला तो मुलांवरच. ‘पाचवीतल्या पोरीची कसली श्रद्धा, आईबापांनी पढवलेलं’ असंही कुणी म्हणेल. म्हणोत. शाळेत रोज राष्ट्रगीत गाणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणींनाही ते कुणीतरी शिकवलेलंच होतं.