ओटीपी अब्बांच्या खिशात

अकरावीचा प्रवेश 2025 पासून सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. पूर्वी ही पद्धत पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता शिरूर आणि दौंडच्या मुलांनाही तोच रस्ता. 21 मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, संकेतस्थळच बंद पडले आणि ती 26 मे वर गेली. ज्यांच्या घरी इंटरनेट आहे त्यांना त्रास झाला तो एवढाच. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरी मात्र मोबाइल एकच, आणि तो अब्बांबरोबर रांजणगावला कामावर जातो. सायबर कॅफेत पैसे मोजून अर्ज भरायला बसावे, तर ओटीपी अब्बांच्या खिशात वाजतो. गेटवर मोबाइल जमा केलेला असला तर तिथेही वाजत नाही.

दौंडला निदान स्टेशन आहे. रेल्वे स्थानकांवरचे मोफत वायफाय जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाले. गूगल 2020 मध्ये त्यातून बाहेर पडले तरी रेल्टेलने ते चालू ठेवले. दिवसातला पहिला अर्धा तास फुकट. तेवढ्यात मुलगे बरेच काही उरकतात. पण मुलीला अर्ज भरण्यासाठी फलाटावर कोण पाठवील? आम्हीही पाठवणार नाही, हे कबूल केलेले बरे. शिरूरला तर रेल्वेच नाही.

केरळच्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध हायकोर्ट गाठले. सप्टेंबर 2019 मध्ये कोर्टाने इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्कात धरला. त्याच केरळने 2023 मध्ये के-फोन सुरू करून गरीब घरांना फुकट जोडणी द्यायला घेतली. आपल्याकडे केंद्राची पीएम-वाणी योजना डिसेंबर 2020 पासून आहे. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावाला आपली ब्रॉडबँड जोडणी थोड्या पैशांत गिऱ्हाइकांना वापरायला देऊ शकतो. त्याला लायसन्स लागत नाही, नोंदणीची फीही नाही. ही सोय फुकट नव्हे, पण मोहल्ल्याने पैसे भरले तर मुलांना फुकटच.

मदिन्यातल्या बीर-ए-रूमा या विहिरीचे पाणी विकले जाई. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली. ही हकीकत आपण मुलांना हौसेने सांगतो. सबील लावणारे हातही आपल्यात कमी नाहीत. एका जोडणीला महिन्याला साधारण पाचशे-सहाशे रुपये लागतात, आणि मदरशाची खोली दुपारी रिकामीच असते. तिथे एक जुना कॉम्प्युटर ठेवावा, दुपारचे दोन तास मुलींना द्यावेत, देखरेखीला शिकलेली एखादी आपा बसवावी. “पोरं काय काय बघतील!” हे आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकावे लागते. कॉम्प्युटरचे तोंड दाराकडे ठेवा, निम्मी काळजी तिथेच मिटते.

राहिला ओटीपी. त्याला कुठलीही योजना नको. अम्मीच्या नावाचे सिम घ्या, बटणांच्या साध्या फोनमध्ये घाला आणि अर्जात तोच नंबर द्या. फोन घरीच राहू द्या.