टपावरचें ओझें आणि वाऱ्याची ढाल

पांच माणसांची लहान गाडी आणि अकरा माणसांचें घर यांचा मेळ घालणें ही ज्यांच्या घरीं नित्याची बाब आहे, त्यांच्यासाठीं आजचें हें टिपण आहे. ज्यांच्या दारीं मोठी गाडी उभी असेल त्यांनीं खुशाल हें पान उलटून पाककृतींकडे वळावें. आमचा राग नाहीं.

आमच्या मातुःश्रींना यंदा शहाऐंशीवें वर्ष लागलें. चाकांच्या खुर्चीवांचून त्यांना घराबाहेर पडतां येत नाहीं, आणि कानाचें यंत्र लावल्यावांचून बोलणें ऐकूं येत नाहीं. अशा स्थितींत एके दिवशीं जेवतां जेवतां त्या म्हणाल्या, "एकदां वेळणेश्वरास जाऊन कुलस्वामीचें दर्शन घ्यावें म्हणतें. पुढचें कोणीं पाहिलें आहे?" यावर घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. बोलण्यासारखें नव्हतेंच. न्यायचें हें ठरलें. राहिला प्रश्न डिकीचा.

चाकांची खुर्ची घडी करून डिकींत घातली कीं डिकी संपते. मग पांच माणसांचे कपडे, अंथरुणें, पूजेचें साहित्य, मातुःश्रींची औषधें हें सारें कोठें ठेवावें? सामान घेतलें तर खुर्ची राहते, आणि खुर्ची राहिली तर मातुःश्री राहतात. बाकीची मंडळी एस्. टी. नें गुहागरास येणार होती, पण प्रत्येकाच्या हातांत आधींच दोन दोन पिशव्या. तेव्हां टपावर कॅरिअर बसवावें असें मीं ठरविलें, आणि तें फारसा विचार न करतां बसविलें. त्याचीच ही हकीकत.

खरें पाहतां ही युक्ति आपल्याकडे जुनीच. आमच्या तीर्थरूपांच्या फिआट गाडीच्या टपाला दोहों बाजूंनीं पावसाचें पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळींत रोवून खालून आंकडे आवळले कीं काम झालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवरहि असेंच कॅरिअर असे, आणि स्टेशनावर उतरलेल्या किती पिढ्यांच्या ट्रंका व वळकट्या त्यावरून घरोघर पोंचल्या असतील त्याची गणती नाहीं. त्या टॅक्सी इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेल्या. हल्लींच्या लहान गाड्यांचा टप गुळगुळीत असतो, पन्हळ गेली. म्हणून कॅरिअरचा पाय रबरी गादीवर टपाच्या कडेस टेकवावा लागतो, आणि दार उघडून चौकटीच्या वरच्या कडेंत पातळ पोलादी आंकडा अडकवून तो आवळावा लागतो. पन्हळीची पकड ती पन्हळीचीच. या आंकड्याची पकड नीट बसविली तरच बसते.

एका दुकानांतून लोखंडी नळ्यांचें, टोपलीच्या आकाराचें कॅरिअर घेतलें. दुकानांतल्या मुलानें तें वीस मिनिटांत बसवून दिलें. मीं त्याचें वजन विचारलें नाहीं, आंकड्याखालीं रबर आहे कीं नाहीं हेंहि पाहिलें नाहीं. वर उभें राहून 'छान, छान' म्हणत होतों.

माघांत निघालों. कात्रजचा बोगदा मागें टाकून वेग सत्तरांवर गेला, तोंच टपावर घूं असा आवाज सुरू झाला. वेग वाढला कीं सूर चढे, वेग उतरला कीं उतरे. कानाच्या यंत्राला शब्द आणि गोंगाट यांची पारख आपल्याइतकी नसते. तें दोन्ही मोठें करून कानांत ओततें. मातुःश्रींनीं खंबाटकी घाट यायच्या आधींच यंत्र काढून डबींत ठेवलें व खिडकीशीं बाहेर पाहत बसल्या. कांहीं विचारलें कीं हंसून मान हलवायच्या. जातांना सात तास आणि येतांना सात तास आम्ही एका गाडींत बसून दोन मुलुखांत होतों.

याहून वाईट तें उंब्रजला कळलें. चहासाठीं थांबलों असतां सहज कॅरिअरला हात लावला, तों पुढचा डावा पाय हातानें हलूं लागला. पुढें पाटण, कोयनानगर आणि त्यानंतर कुंभार्ली घाट उतरायचा होता. टपावर चाळीस-पंचेचाळीस किलोंचें ओझें, खालीं दरी, आणि मागल्या आसनावर मातुःश्री. त्या क्षणीं मला काय वाटलें तें लिहीत नाहीं. गॅरेजमधून पाना मागून आणला, चारहि पाय आवळले आणि पुढचा सारा रस्ता तासाला चाळिसाच्या आंत काढला.

परत आल्यावर हें प्रकरण आमच्या सूनबाईंनीं हातीं घेतलें. त्या यंत्रशास्त्राच्या पदवीधर आहेत. आंगणांत गाडीभोंवतीं एक फेरी मारून त्या म्हणाल्या, "बाबा, हा आवाज कॅरिअरचा नव्हे, वाऱ्याचा आहे. कॅरिअर नुसतें वाद्य आहे."

पुराच्या पाण्यांत पुलाच्या खांबामागें भोंवरे सुटतांना आपण पाहतों. एक डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, असे आळीपाळीनें. गोल दांड्यावरून वारा वाहतांना अगदीं हेंच घडतें, आणि प्रत्येक भोंवऱ्याबरोबर हवेला एक हिसका बसतो. हे हिसके सेकंदाला किती बसतात याचा नियम व्हिन्सेन्क स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञानें १८७८ सालीं तारांच्या गुंजनाचा अभ्यास करून दाखवून दिला: वाऱ्याचा वेग भागिले दांड्याची जाडी, आणि त्याचा सुमारें पंचमांश. आमच्या नळ्या पंचवीस मिलिमीटर जाडीच्या. ताशीं ८० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें २२ मीटर. हिशेब केला तर सेकंदाला पावणेदोनशें हिसके येतात. पुरुषी तंबोऱ्याचा षड्ज यापेक्षां खालीं, बायकी तंबोऱ्याचा वर. म्हणजे आमच्या टपावर कोणाच्याच गळ्यास न मानवणारा तंबोरा सात तास छेडला जात होता! आणि तोहि एक नव्हे, टोपलीला जितक्या आडव्या नळ्या तितके.

दुसरी गोष्ट अडथळ्याची. दांडा दिसावयास बोटभर, पण वाऱ्याला तो बोटभर वाटत नाहीं. तितक्याच जाडीचा, पण माशासारखा मागें निमुळता होत गेलेला दांडा घेतला तर त्याला होणारा अडथळा गोल दांड्याच्या सुमारें दशांशावर येतो. शिवाय हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. चाळिसाचा वेग ऐंशीं केला कीं तो चौपट. अमेरिकेच्या सरकारी इंधनपत्रकांत असें दिलें आहे कीं टपावर मोठी बोथट पेटी असल्यास एका लिटरांत पडणारें अंतर शहरांत २ ते ८ टक्क्यांनीं, महामार्गावर ६ ते १७ टक्क्यांनीं, आणि ताशीं १०५ ते १२० किलोमीटरांच्या वेगास १० ते २५ टक्क्यांनीं घटतें. हें वाचून मीं गाडीवर रिकामें वाहवलेलें कॅरिअर आठवलें. माघापासून चैत्रापर्यंत तें आम्हीं उतरविलेंच नव्हतें.

टोपली भंगारांत गेली. तिच्या जागीं दोन सुटे आडवे दांडे आले, दोन्ही मिळून पांच किलोंचे. हें वजन महत्त्वाचें आहे, कारण टपावर किती भार चालेल याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली असते, व कॅरिअरचें वजन तींतच धरावयाचें असतें. कित्येक लहान गाड्यांची मर्यादा ५० किलोंच्या आसपास आहे. पंधरा किलोंचें कॅरिअर चढविलें तर सामानास पस्तीसच उरतात. आम्हीं माघांत ही मर्यादा ओलांडली होती हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं.

बसवितांना सूनबाईंनीं घाई केली नाहीं. टपाची कड व चौकट ओल्या फडक्यानें पुसून कोरडी केली, कारण गादीखालीं राहिलेला एक खडाहि महिन्याभरांत रंग खाऊन पत्र्याला भिडतो, आणि मग कोंकणच्या हवेंत गंज कांहीं वाट पाहत नाहीं. दोन्ही बाजूंचीं अंतरें फितीनें मोजून दांडे समांतर ठेवले. एक बाजू पुरी आवळून मग दुसरी, असें न करतां थोडें इकडे, थोडें तिकडे असें आवळीत नेलें. दारें उघडून, लावून पाहिलीं. शेवटीं चिरंजीवांनीं नळीनें टपावर पाणी सोडलें आणि मी आंत बसून कोठें गळतें तें पाहिलें. गळलें माझ्याच मानेवर! एका आंकड्यानें दाराचें रबर दुमडलें होतें. तें सारखें केलें.

आतां ढालीविषयीं. बाजारांत हिला फेअरिंग म्हणतात. पुढच्या दांड्याला जोडलेली, पुढें खालीं उतरत टपाजवळ येणारी ही एक तिरपी फळी. समोरून येणारा वारा तिच्यावरून चढून दांड्याच्या डोक्यावरून निघून जातो, दांड्याला गांठतच नाहीं. तयार मिळते ती आमच्या टपाच्या बांकाशीं जुळेना, म्हणून दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करविली. पत्रा कापण्यापूर्वीं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टपावर उभा धरून, कंपासानें बांक उतरवून नमुना केला. तो तीनदां चुकला. पुठ्ठ्यावर चुकलेलें स्वस्त पडतें.

खालच्या कडेला रबराची किनार बसवून ती टपापासून तीन-चार मिलिमीटर वर ठेवली. ती टपावर टेकूं द्यावी असेंहि कित्येक म्हणतात. पण टेकलेल्या कडेखालीं धूळ सांचते, गाडी थरथरते, आणि धूळ पॉलिशकागदाचें काम करते. आम्हीं अंतर ठेवणें पसंत केलें. ढाल फार उभी ठेवूं नये. उभी केली कीं तिची भिंत होते व ती स्वतःच वारा अडवूं लागते. वरची कड दांड्याच्या किंचित् वर असावी. वाऱ्याचा सारा रेटा या पत्र्यावरून पुढच्या दांड्यावर येतो, म्हणून जोडणीचे नट नायलॉनची कडी असलेले, म्हणजे थरथरीनें सैल न होणारे घ्यावे. मागच्या दांड्याला ढाल नाहीं. त्याला सूनबाईंनीं जाड दोरी नागमोडी गुंडाळली, वेलीनें मांडवाच्या खांबावर चढावें तशी, वळशांत मोकळें अंतर ठेवून. उंच पोलादी धुरांड्यांवर जे पिळाचे पट्टे दिसतात त्यांचें प्रयोजन हेंच: भोंवरे सर्व लांबीभर एका तालांत सुटूं नयेत.

ढालीनें पेट्रोल फार वांचतें असें जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवीत नाहीं. पेट्रोल वांचवावयाचें तर काम झाल्यावर दांडेच उतरवून माळ्यावर टाकावे. ढालीचा खरा उपयोग शांततेसाठीं.

सामान चढवितांनाहि वाऱ्याची मर्जी पाहावी लागते. एक मीटर रुंद व चाळीस सेंटिमीटर उंच असें बोचकें टपावर असेल तर ताशीं ८० च्या वेगास वारा त्याला सुमारें तेरा किलोंच्या जोरानें मागें ढकलतो, शंभराच्या वेगास वीस किलोंच्या. म्हणून बोचकें पुढें बुटकें, मागें उंच बांधावें. ताडपत्रीच्या घड्या कौलांसारख्या, पुढची मागचीवर चढलेली अशा असाव्या, म्हणजे वारा आंत शिरत नाहीं. चपटा पट्टा वाऱ्यांत फडफडून गुणगुणतो. त्याला बांधतांनाच एक पीळ द्यावा, कीं तो गप्प बसतो. हें मला कोणीं आधीं सांगितलें असतें तर! आणि जड वस्तु टपावर नेऊंच नये. खुर्ची, डबे, पाण्याचे कॅन खालीं. वर फक्त अंथरुणें व कपडे. वर जड झालें कीं वळणावर गाडी झोलते, आणि घाट म्हणजे सगळीं वळणेंच. पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर थांबून पाय पुन्हां आवळावे; नवी गादी दबून पकड थोडी तरी सैल होतेच.

कार्तिकांत पुन्हां निघालों. या खेपेस टपावर बावीस किलो. वेग सत्तरांवर गेला, ऐंशींवर गेला. टपावर वाऱ्याची सळसळ होती, पण तो तंबोरा नव्हता. मातुःश्रींनीं कानाला हात लावला तेव्हां माझ्या पोटांत गोळा आला. पण यंत्र काढण्याऐवजीं त्यांनीं तें नीट बसविलें, आणि पाटण मागें पडेपर्यंत त्या बोलत होत्या. लहानपणीं त्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटींत बसून दाभोळपर्यंत येत असत. बोट खाडीबाहेर थांबे, आणि पडावांत उतरतांना तांडेल ओरडे कीं ट्रंका तळाला टाका, वळकट्या वर. एकदां कोणा शहाण्यानें ट्रंकेवर ट्रंक रचली, आणि पडाव कलून त्यांच्या आत्याची फराळाची दुरडी खाडींत गेली. आमच्यापैकीं कोणीं ही गोष्ट पूर्वीं ऐकली नव्हती. दुरडींत काय काय होतें तें सूनबाईंनीं विचारलें, कडबोळीं होतीं.

कोयनानगरला चहासाठीं थांबलों. मी पेला हातांत घेतों न घेतों तोंच गाडींतून मातुःश्रींचा आवाज आला, "अरे, चहा मग घे. आधीं तो डावा पाय बघ."