किती पेलते? आणि किती वेळा पेलते?

विद्यार्थी मित्रांनो, घरातली एक लोखंडी तार घ्या आणि दोन्ही हातांनी ओढून तोडून पाहा. तुटणार नाही. आता तीच तार एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. दहा-वीस वेळांत ती टचकन तुटेल. ओढताना तुम्ही सारा जोर लावला होता, वाकवताना थोडाच लावला. तरी तार हरली ती थोड्या जोरापुढे, कारण तो पुन्हा पुन्हा आला. यालाच धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. धातूचा मात्र साठत राहतो.

रत्नागिरीच्या मुलांना याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मिरकरवाडा बंदरात नौका विसावलेल्या असतात. नौकेच्या मागे पाण्यात जो पंखा असतो, त्याला इंजिनाशी जोडणारा दांडा म्हणजे शाफ्ट. समजा, तो मिनिटाला ६०० फेरे घेतो. म्हणजे तासाला ३६,००० झाले. नौका रोज दहा तास चालली, तर अठ्ठावीस दिवसांत एक कोटी फेरे पुरे होतात! पंख्याच्या वजनाने शाफ्ट किंचित वाकतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. त्यात भर खाऱ्या पाण्याची. कोरड्या हवेत पोलादाची एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसते. समुद्राच्या पाण्यात गंजामुळे ही मर्यादाच उरत नाही.

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे व्होलर या जर्मन इंजिनियराने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. ‘किती जोराने तुटतो?’ एवढेच न विचारता ‘या जोराने किती फेऱ्यांनंतर तुटतो?’ असे त्याने विचारले. आज रेल्वेच्या आसांची तपासणी ध्वनितरंगांनी होते. डोळ्यांना न दिसणारी भेग वेळीच सापडावी, हा तिचा हेतू.

हे सगळे आज सांगायचे कारण म्हणजे धातूची त्रिमितीय छपाई. या यंत्रात धातूच्या बारीक भुकटीचा थर पसरतात. तो केसापेक्षाही पातळ असतो. लेसर किरण हवी तेवढीच भुकटी वितळवून जोडतो, मग वर दुसरा थर, मग तिसरा. असे हजारो थर एकावर एक चढले की वस्तू तयार! साचा नको, फारशी तासणी नको. मग काहींना वाटते, आता मोडलेला कोणताही सुटा भाग बंदरावरच छापून बसवता येईल.

माझे म्हणणे असे की, इथे थोडे थांबावे. छापलेला तुकडा ओढून पाहिला तर तो घडीव धातूइतकाच, कधी त्याहूनही बळकट भरतो. पण तो पुन्हा पुन्हा वाकवून पाहिला की चित्र बदलते. विमानात वापरतात त्या टायटेनियमच्या मिश्रधातूचे उदाहरण घ्या. छापून तसाच ठेवलेला, न तासलेला तुकडा कोटीभर फेरे सोसतो खरा, पण घडीव तुकडा सोसतो त्याच्या निम्म्याहून कमी ताणावर. का बरे? कुठे भुकटी नीट वितळलेली नसते, कुठे वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पृष्ठभागाला अर्धवट वितळलेले कण चिकटून तो खरखरीत होतो. झटपट थंड झाल्याने धातूच्या पोटात ताण कोंडला जातो. एकदाच ओढताना या बारीक दोषांचे फारसे काही वाटत नाही. पण थकव्याची भेग नेमकी अशाच जागी जन्म घेते.

मग ही छपाई नकोच का? मुळीच तसे नाही. भाग तापवून कोंडलेला ताण घालवता येतो. भट्टीत आर्गॉन वायूच्या प्रचंड दाबाखाली आतल्या पोकळ्या मिटवता येतात. मात्र पृष्ठभागाशी उघडणारे छिद्र असे मिटत नाही. म्हणून पृष्ठभाग तासून गुळगुळीत करावा लागतो. इस्रोने मे २०२४ मध्ये पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वीच्या १४ भागांचा त्यात एकच भाग झाला आणि १९ जोड वाचले. ही मोठी कामगिरी आहे. पण अग्निबाणाचे इंजिन एका उड्डाणात काही मिनिटे चालते आणि नौकेचा शाफ्ट हंगामामागून हंगाम फिरतो. एकाची परीक्षा दुसऱ्याच्या कामाची नाही. ज्याचे काम जसे, तशी त्याची परीक्षा!

शिक्षकांना एक विनंती आहे. आता पुष्कळ शाळांतल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत प्लॅस्टिकची छपाई करणारे यंत्र असते. त्यावर नावाच्या पाट्या छापून कौतुक करून घेणे पुरेसे नाही. एकाच मापाच्या वीस पट्ट्या छापा, दहा आडव्या ठेवून आणि दहा उभ्या. मुलांना त्या सारख्याच वाकवायला लावा आणि तुटेपर्यंतचे आकडे वहीत मांडा. उभ्या पट्ट्या थरांच्या जोडावर लवकर तुटतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच गटातल्या दहा पट्ट्यांचे आकडेही सारखे येणार नाहीत. एक पट्टी टिकली म्हणून दुसरी टिकेलच असे नाही, हे मुलांना कोणी सांगावे लागणार नाही. यंत्र नसेल तर कागद अडकवायच्या वीस पिना घ्या. धडा तोच मिळेल.

मित्रांनो, किनाऱ्यापासून दूर, उधाणलेल्या समुद्रात शाफ्ट तुटला, तर नौकेवरच्या माणसांना तो कोणत्या यंत्रावर झाला याचे काय? उद्या तुमच्यापैकी कोणी असा भाग छापेल, कोणी तो तपासून सही करील. सही करण्यापूर्वी ‘किती पेलते?’ हे विचाराच. पण ‘किती वेळा पेलते?’ हे विचारल्याशिवाय सही करू नका.